गोल टोकांचा घोळ: एका कस्टम क्यूची पारख

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दारातला बर्फ उपसत होतो. "मामा, एक क्यू सापडलाय. कस्टम. अठराशे पन्नास डॉलर म्हणतोय. तू चल ना बघायला, तुला कळतं त्यातलं."

क्यू म्हणजे पूल, स्नूकर, बिलियर्ड्स या टेबलावरच्या खेळांत चेंडू मारायची लांब काठी. शेवटचं वाक्य ऐकून मी फावडं भिंतीला टेकवलं. आपल्याला कशातलं तरी कळतं असं पुढच्या पिढीतल्या कुणाला वाटावं, असे प्रसंग पन्नाशीनंतर फार येत नाहीत. पुढच्या आठवड्यात काय काय झालं ते क्रमाने लिहितो आहे. त्यात सगळ्यात मोठी चूक माझी आहे, आणि स्नूकर खेळून मोठा झालेला कुणीही माझ्या जागी तीच करेल.

भाचा न्यू जर्सीत राहतो, दर मंगळवारी पूलची लीग खेळतो. आधी हॉलच्या भिंतीवरचा क्यू, मग कारखान्यात बनलेला ३०० डॉलरचा, आणि आता त्याला कस्टम हवा होता. कस्टम म्हणजे एखाद्या कारागिराने आपल्या लेथवर एकेक करून बनवलेला. अमेरिकेत या कारागिरांची मोठी परंपरा आहे. १९९२पासून त्यांची 'अमेरिकन क्यूमेकर्स असोसिएशन' आहे, आणि काहींच्या क्यूसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात. पण 'कस्टम' या शब्दावर कुणाचीच मालकी नाही. तयार क्यूवर चार शिंपल्याचे तुकडे बसवले तरी तो शब्द वापरता येतो, आणि वापरतातही.

विकणाऱ्याने पाठवलेलं वर्णन असं होतं: बालाबुश्का या नामांकित कारागिराच्या धाटणीचा, पूर्ण हातकाम, पुढचा भाग बर्ड्‌सआय मेपलचा, त्यात आबनुसाचे चार पॉइंट, जॉइंटला हस्तिदंत, मुठीला आयरिश लिननचा रॅप, सोबत दोन शाफ्ट. बनवणाऱ्याचं नाव नाही. "जुने कारागीर सही करत नसत," एवढंच.

ज्यांनी पूलचा क्यू हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा दोन तुकड्यांचा असतो, जोडल्यावर साधारण ५८ इंच लांब, वजन १८ ते २१ औंस. पुढचा निमुळता भाग शाफ्ट, जवळजवळ नेहमी हार्ड मेपलचा, टोकाला १३ मिलिमीटरच्या आसपास जाडीची चामड्याची टिप. मागचा जाड भाग बट. दोन्ही मध्ये स्क्रूने जोडतात. बटच्या पुढच्या अर्ध्यावर, मुठीकडून जॉइंटकडे जाणारी, भाल्याच्या पात्यांसारखी वेगळ्या लाकडाची जी नक्षी दिसते ते पॉइंट. सगळा गोंधळ त्यांच्यावरूनच झाला.

तळघरातली पाहणी

विकणाऱ्याच्या तळघरात चांगलं टेबल होतं आणि टेबलावर तसाच चांगला उजेड. त्याने क्यू हिरव्या कापडावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला. दागिना दाखवताना सराफ सरकतो तसा. क्यू देखणा होता यात वाद नाही. मध रंगाचा मेपल, त्यात पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके, आबनुसाचे काळेभोर पॉइंट आणि प्रत्येक पॉइंटला शेंदरी किनार.

मी क्यू उचलला आणि थेट पॉइंटच्या टोकांवरून अंगठा फिरवला. चारही टोकं गोलसर. मला मनातून आनंद झाला, आणि तो मी मनात ठेवला नाही. विकणाऱ्यासमोरच बोलून गेलो, "गोल टोकं आहेत, म्हणजे हाताने जोडलेला आहे. मशीनने जोडलेल्याची टोकं सुईसारखी येतात."

विकणारा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एग्झॅक्टली."

हे ज्ञान मला पुण्यात मिळालं होतं. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले आणि १९५८मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्‌स स्पर्धा जिंकले, ही गोष्ट आमच्या क्लबात नव्या पोराला टेबलाला हात लावू देण्याआधी ऐकवली जाई. तिथल्या मार्करने, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या आणि गुण मांडणाऱ्या माणसाने, मला सोळाव्या वर्षी क्यू निवडायला शिकवलं. अ‍ॅशच्या लाकडावरच्या बाणांसारख्या रेषा मोजायच्या, क्यू डोळ्यापाशी धरून नजर टोकापर्यंत न्यायची आणि बटवरच्या काळ्या पाकळ्यांची टोकं बघायची. "गोल असेल तर हाताचा, टोकदार असेल तर मशीनचा." स्नूकरच्या क्यूबद्दल हे अगदी खरं आहे. तीस-पस्तीस वर्षं मी ते वाक्य खिशात घेऊन फिरत होतो. फक्त ते कुठल्या खेळाबद्दल आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

बाकीची पाहणीही अशीच. जोडलेला क्यू टेबलावर लोटला. मधोमध तो किंचित उडतोय असं वाटलं. विकणारा म्हणाला, "कापड जुनं आहे." मी मान डोलावली. भाचा म्हणाला, "मामा, सुटा करून बघूया का?" मी म्हणालो, "बघितलं ना आत्ता." हे वाक्य अजून आठवतं मला.

विकणाऱ्याचा एक चांगुलपणा नोंदवायला हवा. २०० डॉलर अनामत घेऊन त्याने क्यू चार दिवस तपासायला नेऊ दिला. फसवायला बसलेला माणूस सहसा असं करत नाही. त्याला स्वतःलाही बहुधा फारसं माहीत नव्हतं.

नदीपलीकडचं गॅरेज

डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनियाचा बक्स परगणा लागतो. गस सांबोटी नावाचा, १९८८मध्ये वारलेला नामांकित क्यूमेकर इथल्याच पेनडेल गावचा. या भागात आजही लेथ चालवणारे लोक सापडतात. क्यू दाखवायला आम्ही ज्याच्याकडे गेलो तो म्हातारा क्यू बनवतो कमी, दुरुस्त करतो जास्त: टिप बदलणं, रॅप घालणं, फिनिश उतरवून नवं चढवणं. मला विचाराल तर पारख शिकायला बनवणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणारा बरा. बनवणाऱ्याला स्वतःचंच काम माहीत असतं, दुरुस्तीवाल्याने सगळ्यांची पोटं उघडून बघितलेली असतात.

म्हाताऱ्याने क्यू हातात घेतला आणि पॉइंटकडे ढुंकूनही बघितलं नाही. पहिल्यांदा त्याने तो उघडला. शाफ्ट काढून जॉइंटचा पृष्ठभाग खिडकीच्या उजेडाकडे तिरपा धरला. पिन ३/८ इंचाची, इंचाला १० आट्यांची. हा आटा अमेरिकेत फार चालतो, त्यामुळे एका कारागिराचा शाफ्ट दुसऱ्याच्या बटवर सहज चढतो. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

मग पाच वेळा लोटणं. एकदा पहिला शाफ्ट एकटा, एकदा दुसरा शाफ्ट एकटा, एकदा नुसता बट, आणि मग दोन्ही शाफ्ट आळीपाळीने जोडून. तो क्यूच्या हालचालीकडे बघतच नव्हता. वाकून, डोळा टेबलाच्या पातळीला आणून, लाकूड आणि टेबल यांच्यामधल्या उजेडाच्या फटीकडे बघत होता. फट एकसारखी राहिली तर लाकूड सरळ, फट मिचकावली तर बाक. शाफ्ट निमुळता असल्याने तो लोटला की गोलात वळतो आणि नवख्याला वाकडा वाटतो. उलट खरोखरचा थोडा बाक नुसत्या हालचालीत दिसतही नाही. फट खोटं बोलत नाही.

निकाल असा आला. पहिला शाफ्ट सरळ. दुसराही सरळ. बट सरळ. पण पहिला शाफ्ट जोडला की अख्खा क्यू मधोमध उडतो. दुसरा जोडला की उडत नाही.

भाचा म्हणाला, "दोन सरळ तुकडे जोडून वाकडं कसं होईल?"

म्हाताऱ्याने त्याचं बोट धरून जॉइंटवरून फिरवलं. पहिल्या शाफ्टच्या बाजूला नखाला पुसट पायरी लागत होती, तीही एकाच अंगाला. शाफ्टचा तळ त्याच्या अक्षाला काटकोनात नव्हता. केसाएवढा तिरपा. जॉइंटपाशी केसाएवढं, म्हणजे तीस इंचांवर टिपपाशी किती, याचा हिशेब भाच्याने तिथल्या तिथे केला आणि गप्प झाला. तळघरातलं कापड निर्दोष होतं.

नंतर त्याने दोन्ही शाफ्ट शेजारी धरून रेषा दाखवल्या. मेपलच्या रेषा अ‍ॅशसारख्या ठळक नसतात, चष्मा पुसून उजेडात बघाव्या लागतात. चांगल्या शाफ्टवर दोन बाजूंनी त्या जॉइंटपासून फेरूलपर्यंत (टिपखालच्या कडीपर्यंत) न तुटता जातात. पहिल्या शाफ्टवर त्या सात-आठ इंचांतच कडेला पळून जात होत्या. लाकूड रेषेच्या दिशेने न फाडता करवतीने तिरपं कापलं गेल्याची ती खूण. असा शाफ्ट आज सरळ असेल, पण दोन पावसाळ्यांनंतरची खात्री देता येत नाही. म्हातारा अर्थातच 'दोन उन्हाळे' म्हणाला. न्यू जर्सीचा दमट जुलै हा इथला पावसाळाच.

दुसऱ्या शाफ्टवरच्या रेषा बारीक, दाट आणि अखंड होत्या. तो त्याने दोन वेळा फिरवला, तळहातावर हलकेच आपटून कानाशी नेला आणि एक शब्द बोलला, "नाइस." मग म्हणाला, हा या क्यूचा नाही. जॉइंटपाशी असलेल्या पट्टीवरची, म्हणजे कॉलरवरची, कडी वेगळी, जाडीही नखभर कमी. कुठल्यातरी दुसऱ्या, जास्त चांगल्या क्यूचा शाफ्ट इथे येऊन बसला होता.

चांगला शाफ्ट वेळखाऊ का, हे त्याने एका कोपऱ्याकडे हात करून सांगितलं. तिथे तीस-चाळीस गोल काठ्या दोरीने उभ्या टांगल्या होत्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने तारखा. लाकूड एका दमात बारीक कातलं तर आतला ताण सुटून ते वळतं. म्हणून थोडं कातायचं, काही आठवडे-महिने टांगून ठेवायचं, वळलं नाही तर पुन्हा थोडं कातायचं. एकेका काठीवर सहा-सात तारखा होत्या. काही काठ्यांवर तारखांच्या खाली फुली मारलेली. भाच्याने विचारलं, "फुली म्हणजे?" "वळली. खुर्चीचे पाय होतील."

हस्तिदंत

ही गंमत मध्येच सांगून टाकतो. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी असते. भिंगातून ती ओळखू येते. जॉइंटच्या पांढऱ्या कॉलरचा छेद समोरच दिसत होता. म्हाताऱ्याने भिंग लावलं आणि भाच्याच्या हातात दिलं. जाळी नव्हती. साध्या बशीसारखा एकरंगी पांढरा. प्लॅस्टिकच्या जातीतलं काहीतरी.

"म्हणजे फसवलं," भाचा म्हणाला.

म्हातारा हसायला लागला. न्यू जर्सीत हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा कायदा २०१४मध्येच झाला आहे, शेजारच्या न्यूयॉर्कचाही त्याच वर्षीचा, आणि २०१६पासून देशपातळीवरचे नियमही कडक आहेत. म्हणजे विकणाऱ्याचं म्हणणं खरं असतं तर तो गुन्हा, आणि खोटं आहे म्हणून ती लबाडी. बिचाऱ्याला सुटकेची वाटच नव्हती. आणि खेळायच्या दृष्टीने बघितलं तर प्लॅस्टिक असल्याने बिघडलंही काही नव्हतं.

टोकं

पॉइंटची पाळी सगळ्यात शेवटी आली. मी माझं वाक्य खिशातून काढलं. गोल टोकं, हातकाम. म्हाताऱ्याने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "इंग्लिश क्यू खेळत होतात का?"

त्याने भिंग पुन्हा लावलं आणि क्यू सावकाश फिरवत चारही टोकं दाखवली. पहिली गोष्ट, चारही टोकांची गोलाई तंतोतंत सारखी होती. हाताने केलेल्या चार पाकळ्या चार सख्ख्या भावांसारख्या दिसतात, एकाच शिक्क्याच्या चार ठशांसारख्या नाही. दुसरी गोष्ट, शेंदरी किनार. खरे व्हिनिअर म्हणजे पातळ रंगीत पट्ट्या. त्या पॉइंटच्या दोन्ही अंगांना चिकटवतात आणि टोकाला दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कोनात कापून एकमेकींना भिडवतात. त्यामुळे अगदी टोकावर एक बारीक रेघ दिसते, फोटोच्या चौकटीच्या कोपऱ्यात दिसते तशी. इथे किनार कोपऱ्यावर न थांबता घाटातल्या वळणासारखी गोल वळून पलीकडे गेली होती. सांधाच नाही.

हे संगणकावर चालणाऱ्या यंत्राचं काम. फिरतं पातं लाकडात उथळ खळगा कोरतं आणि त्याच आकाराचा आबनुसाचा तुकडा त्यात बसवतात. पातं गोल असल्याने खळग्याचा आतला कोपरा पात्याच्या गोलाईपेक्षा टोकदार होऊच शकत नाही. आमचं गोल टोक तिथून आलेलं.

म्हातारा समजावत होता, भाचा माना डोलावत होता, आणि मला काही केल्या पटेना की एकाच खुणेचे दोन खेळांत उलटे अर्थ कसे. घरी येईपर्यंत गाडीत मी गप्प होतो. स्वयंपाकघरात ओट्यावर गाजरं होती. दोन उचलली.

पहिल्या गाजराच्या जाड बाजूपासून सुरीने एक सपाट, तिरपा काप घेतला. गाजराच्या कडेचा सरळ चकला उडाला, आणि काप निमुळत्या बाजूला जिथे संपला तिथे त्याची कड गोलसर आली. दुसऱ्या गाजरावर जाड बाजूपासून दोन तिरपे काप घेऊन इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच काढली, निमुळत्या बाजूकडे कमी कमी खोल होत जाणारी. ती खाच संपली तिथे टोक आलं सुईसारखं.

"अहो, ती गाजरं हलव्याची आहेत," आतून आवाज आला.

पण उत्तर मिळालं होतं. स्नूकरच्या क्यूवर हाताने काम करणारा कारागीर अ‍ॅशच्या निमुळत्या दांड्याला रंध्याने सपाट बाजू काढतो आणि तिच्यावर आबनूस चिकटवून पुन्हा गोल करतो. म्हणजे पहिलं गाजर. म्हणून हातकामाचं टोक गोल. मशीनवर व्ही आकाराच्या खाचा पाडून एकमेकींत अडकवतात. म्हणजे दुसरं गाजर, टोक अणकुचीदार. अमेरिकेतल्या पूलच्या क्यूची मात्र उत्तम जुनी पद्धतच मुळात व्ही खाचेची. चार खोल खाचा पाडायच्या, त्यांत व्हिनिअर लावलेल्या चौकोनी काठ्या सरसाने बसवायच्या, सगळं वाळू द्यायचं आणि मग लेथवर कातायचं. तिथे अणकुचीदार टोक ही मेहनतीची खूण, कारण गोल टोक उथळ कोरीवकामातून येतं. मार्कर खोटं बोलला नव्हता. तो अमेरिकेतल्या क्यूबद्दल बोलतच नव्हता.

भाच्याला फोन करून हे सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, "मग टोकदार दिसलं की अस्सल समजायचं?" नाही. खळग्याचा कोपरा धारदार सुरीने टोकदार करणारेही आहेत. म्हणून टोकापेक्षा किनारीचा सांधा बघायचा. आणि चारही पॉइंट एकाच उंचीवर येतात का, हेही जपूनच वाचायचं. यंत्राने कोरलेले नेमके एका उंचीवर येतात, त्यात कौतुक नाही. खाचेच्या पद्धतीत मात्र एका अंगाचे दोन पॉइंट लांब आणि समोरचे दोन आखूड दिसले, तर कातताना लाकूड मध्यापासून सरकलं होतं किंवा वळलेलं लाकूड नंतर पुन्हा सरळ कातलं होतं असा संशय घ्यायचा. क्यूने आपला इतिहास तिथे लिहून ठेवलेला असतो. आणखी एक: काळ्या आबनुसात काळा इपॉक्सी (एक घट्ट होणारा सरस) भरला की फटी दिसत नाहीत. कारागिराचा हात बघायचा तर तो गडद लाकडात गडद लाकूड बसवलेल्या जागी नाही, फिकट मेपलला जिथे काळा तुकडा भिडतो त्या कडेवर बघावा. आमच्या क्यूची ती कड स्वच्छ होती, हेही सांगायला हवं. म्हातारा म्हणाला होता, काम वाईट नाही, फक्त सांगतायत ते नाही.

बालाबुश्का धाटणी

विकणाऱ्याने घेतलेलं नाव मोठं होतं. जॉर्ज बालाबुश्का रशियात जन्मला, लहानपणीच अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्याने १९५९पासून १९७५मध्ये मरेपर्यंत क्यू बनवले. आज त्याच्या अस्सल क्यूला संग्राहक तोंडाला येईल ती किंमत देतात, आणि त्याच्या नकलाही अगणित आहेत. नाव पूल हॉलच्या बाहेर पोचलं ते १९८६च्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटामुळे. त्यात बालाबुश्का म्हणून दाखवलेला क्यू प्रत्यक्षात जॉस कंपनीचा होता. पडद्यावर कुणाला फरक कळला नाही, तळघरात तरी कसा कळावा?

पण मला जास्त बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट. बालाबुश्काच्या क्यूंमधले पॉइंट बहुतेक वेळा त्याने स्वतः जोडलेले नसत. सुरुवातीला तो ब्रन्सविक कंपनीच्या 'टायटलिस्ट' या हॉलमधल्या एकसंध क्यूंना कापून त्यांतून काम करी. नंतर शिकागोचा बर्टन स्पेन आणि आपल्या पेनडेलचा सांबोटी यांच्याकडून पॉइंट जोडलेले कच्चे बट येत. त्याने त्यांवर केलं ते कातणं, जॉइंट, तोल, शाफ्ट, फिनिश. म्हणजे ज्या नक्षीवरून आम्ही तळघरात भाळलो, ती त्या मोठ्या माणसाच्या क्यूतही बऱ्याचदा दुसऱ्याच्या हातची होती, आणि नाव झालं ते आम्ही न बघितलेल्या गोष्टींमुळे.

हिशेब

खेळून बघणं राहिलं होतं. संध्याकाळी हॉलमध्ये भाच्याने दोन्ही शाफ्टांनी तासभर खेळून घेतलं. दुसऱ्याचा आवाज त्याला आवडला, पहिला 'मेलेला' वाटला. पण दोन शाफ्टांच्या टिप वेगळ्या होत्या, एक कडक, एक मऊ. टिप बदलली की क्यूचा स्वभावच बदलल्यासारखं वाटतं. म्हणून ज्याला खेळाडू 'हिट' म्हणतात त्याबद्दल आम्ही काही नोंदवलं नाही. लोक जॉइंट लाकडी की पोलादी यावर तासन्‌तास भांडतात आणि टिप कुठली होती हे कुणी विचारत नाही. एक गोष्ट मात्र भांडणापलीकडची आहे. मधोमध न मारता कडेला मारलं की पांढरा चेंडू नेमाच्या रेषेपासून किंचित बाहेर सुटतो, आणि किती सुटणार हे शाफ्टच्या पुढच्या काही इंचांच्या वजनावर ठरतं. पुढचं टोक हलकं, तर चेंडू कमी सुटतो. म्हणून हल्ली बरेच जण कार्बन फायबरचा पोकळ शाफ्ट वेगळा विकत घेतात आणि बट नुसता देखणा असला तरी चालतो म्हणतात. भाच्याला तो नको होता. "लाकूड हवं," म्हणाला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

म्हाताऱ्याने किंमत तुकड्यातुकड्याने सांगितली होती. कोरीव पॉइंटांचा, स्वच्छ कामाचा, सरळ, पण निनावी बट: ४०० डॉलर. पहिला शाफ्ट: तळ नीट कातून घेतला तर ५०, नाहीतर शून्य. दुसरा शाफ्ट: १५०. बेरीज ६००. आणि वर म्हणाला, "त्याला सगळा क्यू परत द्या, दुसरा शाफ्ट विकत असेल तर मला सांगा."

चौथ्या दिवशी आम्ही तळघरात ६०० डॉलरची बोली लावली. भाच्याने क्यू उघडून, पाच वेळा लोटून, पायरीवर त्याचं बोट ठेवून दाखवलं. विकणारा चिडला नाही, खजीलही झाला नाही. त्याने स्वतः घेताना १,५०० मोजले होते, एवढंच म्हणाला. अनामत परत दिली. हस्तिदंताचं भाच्याने कायद्यासकट सांगितल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. सुटा शाफ्ट विकायला तो तयार झाला नाही.

भाच्याने शेवटी त्या गॅरेजमधूनच एक क्यू घेतला, ४५० डॉलरना. पॉइंट नाहीत, जडावकाम नाही, अख्खा बट एका जातीच्या लाकडाचा. अशा साध्या क्यूला तिकडे 'मेरी विडो' म्हणतात. ज्याच्याकडून तपासणी करून घेतली त्याच्याकडूनच खरेदी, हे मला तत्त्वतः खटकतं, आणि मी तसं भाच्याला म्हणालोही. तो म्हणाला, "म्हणून तर मी स्वतः बघणार." त्याने म्हाताऱ्याच्या टेबलावर, म्हाताऱ्याच्या देखत, तो क्यू उघडला, फटीला डोळा लावून लोटला, नखाने जॉइंट तपासला, शाफ्टवरच्या रेषा खिडकीत धरल्या. बारा मिनिटं लागली. एका शाफ्टवर फेरूलच्या खाली बारीक दबका सापडला. म्हाताऱ्याने त्यावर ओलं फडकं धरून वाफेने तो उठवून दिला आणि काही न बोलता २० डॉलर कमी केले.

दीड-दोन महिन्यांनी भाच्याने मला एक जाहिरात पाठवली. तोच क्यू, तीच शेंदरी किनार, तोच हिरव्या कापडावरचा फोटो. किंमत १,४००. हस्तिदंताचा शब्द गाळलेला. त्याऐवजी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: पॉइंटची टोकं गोल आहेत, म्हणजे हाताने जोडलेला क्यू, मशीनची टोकं सुईसारखी येतात, असं एका अनुभवी भारतीय खेळाडूने तपासून सांगितलं आहे.